एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी एक क्षण येतो. सूत्री विभाजनाच्या अवस्था फळ्यावर काढून झालेल्या असतात, मुलांनी त्या वहीत उतरवून घेतलेल्या असतात, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "पण सर, एका पेशीच्या दोन अगदी सारख्या पेशी होत असतील, तर डोळा आणि हाड वेगळं झालंच कसं?" पुस्तकात विभाजनाचा धडा एकीकडे असतो, ऊतींचा दुसरीकडे. हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडून राहतो. खालचे बहुतेक प्रश्न त्याच फटीतले आहेत.

माणसाच्या शरीरात पेशी किती असतात? एका पेशीपासून तिथवर जायला किती विभाजनं लागतात?

प्रौढ माणसात साधारण ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं दुपटीनं मोजत गेलं, तर ४५व्या दुपटीलाच आकडा ३५ लाख कोटींवर पोचतो. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून मी ते त्यांना वहीवर करून पाहायला लावतो.

प्रत्यक्षात मात्र सगळ्या पेशी अशा एका तालात दुप्पट होत नाहीत. काही फार लवकर थांबतात, काही जन्मभर विभागत राहतात, कित्येक वाटेतच मरतात. शिवाय एकूण आकड्यातला पाचांपैकी चारांहून मोठा वाटा एकट्या तांबड्या रक्तपेशींचा आहे. त्या जेमतेम १२० दिवस जगतात, म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार कराव्या लागतात.

विभाजन म्हणजे पेशी मधोमध कापली जाते, एवढंच ना?

कापलं जाणं हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. खरं काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो ज्या केंद्रकात मावतो, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं किंवा त्याहूनही बारीक असतं. विभाजनाआधी या सगळ्याची एक प्रत तयार व्हावी लागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं असतं. त्यातले सात-आठ तास प्रत काढण्यातच जातात, आणि आपण ज्याला सूत्री विभाजन म्हणतो ते तासाभरात उरकतं.

त्या तासात ४६ गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात, केंद्रकाचं आवरण विरघळतं, तुर्कतंतू म्हणजे गुणसूत्रं ओढणारे बारीक धागे पेशीच्या दोन्ही टोकांकडून येऊन प्रत्येक गुणसूत्राला पकडतात. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं मध्यावर ओळीनं उभी राहतात. ती तिथे शोभेसाठी थांबलेली नसतात. एखादं जरी गुणसूत्र दोन्ही बाजूंनी नीट पकडलं गेलेलं नसेल, तर पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. सगळी जागेवर आली की प्रत्येक गुणसूत्राचे जुळे भाग, म्हणजे मूळ आणि त्याची प्रत, एकदम सुटतात आणि विरुद्ध दिशांना ओढले जातात.

हे चक्र पुढे ढकलणारी प्रथिनं शोधून काढल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदर (सी अर्चिन) या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते साठत जायचं, विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं व्हायचं, आणि पुन्हा साठू लागायचं. त्याला सायक्लिन म्हणतात. नर्स यांच्या गटानं १९८७ मध्ये दाखवलं की यीस्टमधलं याच यंत्रणेतलं बिघडलेलं जनुक मानवी जनुकानं भरून काढता येतं. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी विभागण्याची किल्ली अजून एकमेकांच्या कुलपाला लागते.

गर्भाची सुरुवातीची विभाजनं वेगळी असतात असं वाचलं. वेगळं काय असतं?

पेशी वाढत नाहीत, नुसत्या वाटल्या जातात. माणसाची अंडपेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, म्हणजे नजर चांगली असेल तर बारीक ठिपक्यासारखी दिसेल इतकी. फलनानंतर पहिलं विभाजन व्हायला एक दिवस किंवा थोडा अधिक वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोळाएक पेशींचा पुंजका होतो, पण त्याचा एकूण आकार मूळ अंडपेशीएवढाच असतो. पेशींची संख्या वाढते, प्रत्येकीचा वाटा लहान होतो.

वेगाच्या बाबतीत आपण फार सावकाश आहोत. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या अंड्यात पहिल्या विभाजनानंतर दर अर्ध्या तासाला नवं विभाजन होतं. फळमाशी तर मध्ये पटलंही घालत बसत नाही. आठ-दहा मिनिटांना एक या वेगानं तिची केंद्रकंच विभागत राहतात, तेरा फेऱ्यांनंतर एका सामाईक पेशीद्रव्यात सुमारे ६,००० केंद्रकं होतात आणि मग त्यांच्याभोवती पटलं उभी राहतात. इतका वेग शक्य होतो, कारण लागणारी प्रथिनं आणि संदेश आईनं अंड्यात आधीच भरून ठेवलेले असतात. माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या सुमारास कारभार हाती घेतात. तोवर आईची शिदोरी चालू असते.

प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात हे कशावरून? यकृताच्या पेशीला यकृताचीच जनुकं वाटून दिली असतील तर?

हा अंदाज चुकीचा निघाला, पण मूर्खपणाचा मुळीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थोर संशोधकांनाही तसंच वाटत होतं. १८८८ मध्ये विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापवलेल्या सुईनं मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ झाला. म्हणजे पहिल्याच विभाजनात माहितीची वाटणी झाली, असा अर्थ निघत होता. तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यांनी समुद्री साळिंदराच्या दोन पेशी हलवून पूर्ण सुट्या केल्या, आणि प्रत्येकीपासून आकारानं लहान पण संपूर्ण अळी झाली. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी शेजारी तशीच चिकटून राहिली होती. जिवंत पेशीच्या दृष्टीनं जोडीदार अजून जागेवरच होता.

सर्वांत भक्कम पुरावा केंद्रक बदलण्याच्या प्रयोगांतून आला. जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्याचं केंद्रक निकामी करून त्यात बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घातलं. १९६२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की अशा काही अंड्यांपासून धडधाकट जीव वाढले. ५ जुलै १९९६ ला जन्मलेली डॉली मेंढी हा त्याचाच पुढचा टप्पा. तिचं केंद्रक प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीचं होतं. २७७ प्रयत्नांत एक कोकरू जन्मलं हेही सांगायला हवं. सगळी माहिती पेशीत असते, पण बंद केलेली पानं पुन्हा उघडणं सोपं नसतं.

अपवाद आहेत. आपल्या प्रौढ तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं. अंडपेशी आणि शुक्रपेशीत गुणसूत्रांचा निम्मा संच असतो. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएचे काही तुकडे कापून नव्यानं जोडतात, आणि म्हणूनच अगणित प्रकारच्या जंतूंना ओळखू शकतात.

मग त्याच जनुकांतून एक पेशी यकृताची आणि दुसरी मेंदूची कशी होते?

पेटीच्या पट्ट्या सगळ्या वादकांसाठी सारख्याच असतात. कोणत्या दाबल्या जातात त्यावर राग ठरतो. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यातली काही सगळ्याच पेशींत चालू असतात, कारण ऊर्जा मिळवणं आणि प्रथिनं बनवणं सगळ्यांनाच लागतं. बाकीची निवडक पेशींत चालू होतात. हिमोग्लोबिनचं जनुक चेतापेशीतही आहे, पण खऱ्या अर्थानं वाजतं ते तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत.

पट्ट्या दाबणारी बोटं म्हणजे नियामक प्रथिनं. ती डीएनएवरच्या ठरावीक जागांना चिकटतात आणि शेजारचं जनुक चालू किंवा बंद करतात. यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की प्रत्येक पेशीप्रकारासाठी वेगळं नियामक प्रथिन लागत नाही. थोडी प्रथिनं वेगवेगळ्या जुळणीत आली की शेकडो प्रकार निघतात. कधी एकच प्रथिनही पुरतं. १९८७ मध्ये हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत संयोजी ऊतीच्या पेशींत मायोडी नावाचं एकच जनुक चालू केलं, आणि त्या स्नायूपेशी होऊ लागल्या.

पण जनुक एकदा चालू होणं पुरेसं नाही. यकृताच्या पेशीपासून झालेली पेशी यकृताचीच राहायला हवी, म्हणजे विभाजनानंतरही ओळख टिकली पाहिजे. त्यासाठी पेशी न लागणारी जनुकं घट्ट गुंडाळून ठेवते आणि डीएनएवर छोट्या रासायनिक खुणा करते. प्रत निघताना त्या खुणांचीही नक्कल होते. अक्षरं बदलत नाहीत, कुठली पानं मिटायची ते लक्षात राहतं.

याचा उघड्या डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजर. अशी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. गर्भावस्थेत लवकरच प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते, आणि कोणतं बंद करायचं ते दैवावर असतं. हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. एकदा निवड झाली की त्या पेशीची सगळी वंशावळ तीच निवड पाळते. काळं ठिगळ काळा रंग देणारं गुणसूत्र चालू ठेवणाऱ्या पेशींच्या वंशजांचं, नारिंगी ठिगळ दुसऱ्यांचं.

पेशीला "मी आता काय व्हायचं" हे कळतं कुठून?

सगळ्या विषयाचं काळीज या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू. पेशीकडे पूर्ण शरीराचा नकाशा नसतो. तिला फक्त तीन गोष्टी माहीत असतात: आईपेशीकडून वाट्याला काय आलं, शेजारी कोण आहे, आणि आजवर आपल्यावर काय घडून गेलं. एवढ्यावर ती निर्णय घेते.

पहिली गोष्ट, वाटा. दोन मुलीपेशींना डीएनए सारखा मिळतो, पण पेशीद्रव्य सारखं मिळेलच असं नाही. फळमाशीची आई अंड्याच्या एका टोकाला बायकॉइड या प्रथिनाचा संदेश ठेवते. तिथून प्रथिन पसरतं, टोकाला दाट आणि पुढे विरळ होत जातं. जिथे दाट तिथे डोकं, जिथे मध्यम तिथे छाती. आईकडून दुप्पट मात्रा आली तर डोक्याची हद्द मागे सरकते, हे क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेनं १९८८ मध्ये दाखवलं. म्हणजे पेशी मात्रा मोजते आणि त्यावरून आपली जागा ओळखते.

दुसरी गोष्ट, शेजार. १९२४ मध्ये हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या एका गर्भातल्या ठरावीक जागेचा इवलासा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. दोन्ही गर्भांचा रंग वेगळा होता, त्यामुळे कुठली पेशी कुणाची ते ओळखता येत होतं. यजमान गर्भाच्या पोटावर दुसरा गर्भ उभा राहिला, पाठीचा कणा आणि मज्जारज्जूसकट. आणि त्यातल्या बऱ्याच पेशी तुकड्याच्या नव्हत्या, यजमानाच्या होत्या. ज्यांना पोटाची त्वचा व्हायचं होतं, त्या नव्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जासंस्था झाल्या. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. हिल्डे मँगोल्ड तोवर हयात नव्हत्या. १९२४ मध्येच भाजल्यामुळे त्यांचा मृत्यू झाला होता. हा प्रयोग शिकवताना त्यांचं नाव सुटू नये असं मला फार वाटतं.

हात घडतानाही असंच होतं. हाताच्या कळीच्या करंगळीकडच्या कडेला काही पेशी सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. कोंबडीच्या गर्भात त्या कडेचा तुकडा काढून समोरच्या कडेला बसवला, तर आरशात दिसावा तसा बोटांचा दुसरा उलटा संच उगवतो.

सस्तन प्राण्यांतला पहिला निर्णय तर निव्वळ जागेचा असतो. आठ पेशींच्या सुमारास गर्भातल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. पुढच्या विभाजनांत काही पेशी बाहेर राहतात, काही आत अडकतात. बाहेरच्या वार घडवायला जातात, आतल्यांपासून बाळ होतं.

तिसरी गोष्ट, इतिहास. तोच संदेश दोन पेशींना मिळाला तरी त्या वेगळं उत्तर देतात, कारण आधीच्या निर्णयांनी त्यांची वेगवेगळी पानं मिटलेली असतात. म्हणून निसर्ग थोडेच संदेश पुन्हा पुन्हा वापरतो आणि तरी गोंधळ होत नाही.

तीन थर कशासाठी पाठ करायचे?

कारण त्यानंतरची सगळी नाती त्यांवरून कळतात. माणसात तिसऱ्या आठवड्यात पेशींची चकती आत वळते आणि तिचे तीन थर होतात. बाह्यस्तरापासून त्वचेचा वरचा थर, मेंदू आणि मज्जारज्जू. मध्यस्तरापासून स्नायू, हाडं, रक्त, हृदय, मूत्रपिंड. अंतःस्तरापासून अन्ननलिकेचं अस्तर, फुप्फुसं, यकृत, स्वादुपिंड. मेंदू आणि त्वचा सख्ख्या भावंडांसारखे आहेत हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो. बाह्यस्तरातल्या काही पेशी तर कडा सोडून शरीरभर प्रवासाला निघतात. त्वचेच्या रंगपेशी, चेहऱ्याची बरीच हाडं आणि आतड्यातल्या चेतापेशी या प्रवाशांपासून होतात.

विशेषीकरण झालं की पेशी विभागणं थांबवते का?

बहुधा हो. विभागणं आणि एखाद्या कामात तरबेज होणं एकाच वेळी जमणं कठीण असतं. लांब शेपटीची चेतापेशी किंवा आकुंचन पावणारा स्नायूतंतू मध्येच स्वतःला मोडून दोन कसा होणार? म्हणून स्नायू घडवणारी नियामक प्रथिनं एकीकडे स्नायूची जनुकं चालू करतात आणि दुसरीकडे चक्राला ब्रेक लावतात.

हृदयाच्या स्नायूपेशी तरुण वयातही वर्षाला सुमारे एक टक्काच बदलल्या जातात, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात गेलेला भाग व्रण होऊन राहतो. यकृत मात्र वेगळं आहे. त्याच्या पक्व पेशी गरज पडली की पुन्हा विभागू लागतात, आणि मोठा भाग काढला तरी ते पूर्वीच्या वजनाला येतं. आतड्याच्या अस्तरानं तिसराच मार्ग घेतला आहे. तिथल्या कामकरी पेशी विभागत नाहीत, पण खालच्या खळग्यांतल्या मूलपेशी दर तीन ते पाच दिवसांत अस्तर नवं करतात.

मूलपेशी म्हणजे नेमकं काय?

जी पेशी विभागून आपल्यासारखी एक राखते आणि दुसरीला पुढच्या कामाला पाठवू शकते, ती मूलपेशी. युग्मनज, म्हणजे फलित अंडपेशी, आणि त्याच्या पहिल्या काही पेशी सगळं घडवू शकतात, वारेसकट. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या गर्भातल्या आतल्या पेशी शरीरातला कोणताही प्रकार घडवू शकतात. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्ताचे प्रकार घडवतात, त्यापलीकडे सहसा जात नाहीत. मूलपेशी म्हणजे सर्व रोगांवरचा उपाय अशी जाहिरात दिसली तर सावध राहा. रक्ताच्या आजारांवरचं अस्थिमज्जा-प्रत्यारोपण दशकानुदशकं सिद्ध झालेलं आहे. त्या यशाचा हवाला देऊन कशावरही इंजेक्शन विकलं जातं, ते वेगळं.

विशेषीकरण उलटं फिरवता येतं का?

येतं. २००६ मध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी गर्भपेशींसारख्या झाल्या. सुरुवात २४ उमेदवार जनुकांपासून होती. एकेक वगळत ते चारांवर आले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही हे जमलं, आणि २०१२ चं नोबेल यामानाका आणि गर्डन यांना मिळून देण्यात आलं. गर्डन यांच्या प्रयोगाला तेव्हा ५० वर्षं झाली होती.

निसर्गातही हे घडतं. न्यूटच्या डोळ्यातलं भिंग काढलं, तर बुबुळाच्या वरच्या कडेच्या रंगपेशी आपला रंग टाकतात, विभागतात आणि नवं भिंग घडवतात.

गर्भात पेशी मरतात, तो बिघाड नसतो का?

नसतो, ते घडणीचंच काम आहे. आपला तळहात आधी वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी ठरवून मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरण्याचा संदेश अडवला जातो, म्हणून पडदा राहतो. बेडूकमाशाची शेपटीही अशीच जाते.

या मरणाचा सर्वांत नेमका हिशोब एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत लागला. त्याचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. त्याच्या उभयलिंगी प्रकारात १,०९० कायिक पेशी तयार होतात, बरोबर १३१ मरतात आणि ९५९ उरतात. प्रत्येक कृमीत तेच, त्याच पेशी, त्याच वेळी. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जिवंत गर्भातली एकेक पेशी कुठून आली आणि कुठे गेली ते टिपलं. गर्भाची पूर्ण वंशावळ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

जुळी कशी होतात?

एकसारखी जुळी म्हणजे ड्रीश यांचा प्रयोग निसर्गानं केलेला. सुरुवातीचा गर्भ दोन भागांत विभागला जातो आणि प्रत्येक भाग पूर्ण बाळ घडवतो. साधारण दोन आठवड्यांनंतर हे शक्य राहत नाही. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलो या कवचधारी सस्तन प्राण्यात तर एका गर्भाची चार एकसारखी पिल्लं होणं हाच नियम आहे.

वनस्पतींमध्येही हेच चालतं का?

तत्त्व तेच, रीत बरीच निराळी. वनस्पतीपेशीला कडक भित्तिका असते. ती चिमटून दोन होत नाही, मधोमध नवी भिंत बाहेरच्या दिशेनं वाढत जाते. आणि ती जागा सोडून कुठे जाऊ शकत नाही. प्राण्यांच्या गर्भातला तो सगळा प्रवास इथे नाही. कोणत्या दिशेनं विभागायचं आणि कुठल्या बाजूला लांबायचं, एवढ्यावर पान, खोड, फूल घडतं. शिवाय झाडाची घडण बियाण्यात संपत नाही. मुळाच्या आणि खोडाच्या टोकाच्या विभाजी ऊती आयुष्यभर नवे अवयव काढत राहतात.

वनस्पतींच्या पक्व पेशी मागे फिरायलाही अधिक तयार असतात. १९५८ मध्ये फ्रेडरिक स्टीवर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून पूर्ण रोप वाढवलं. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश संवर्धनात ठेवले, तेव्हा परागकणांपासून गर्भ आणि रोपं आली. परागकणात गुणसूत्रांचा निम्माच संच असतो, म्हणून ही रोपंही निम्म्या संचाची होती. पीकसुधारणेत ही पद्धत जगभर वापरली जाऊ लागली.

कॅन्सरचा याच्याशी काय संबंध?

कॅन्सरला नुसती "बेसुमार वाढ" म्हणणं अपुरं आहे. पेशीनं शेजाऱ्यांचं ऐकणं सोडलेलं असतं, आणि पुष्कळदा तिचं विशेषीकरण अर्ध्यात अडकलेलं असतं. त्यासाठी सहसा एक नव्हे, अनेक बदल साठावे लागतात. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, हे स्पष्ट दाखवतो. त्यात पांढऱ्या पेशी पक्व होण्याआधीच अडकतात आणि साठतात. अ जीवनसत्त्वापासून होणारं रेटिनॉइक आम्ल दिलं की ही कोंडी फुटते, पेशी पक्व होतात आणि आपल्या वेळेला मरतात. आर्सेनिकच्या संयुगाबरोबर हे औषध देऊ लागल्यापासून या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. पेशीला तिचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करू देणं, हा उपचाराचा मार्ग असू शकतो.

गरोदरपणाचे पहिले आठवडे इतके नाजूक का मानतात?

कारण मोठे निर्णय तेव्हा होतात, आणि बहुतेकदा आईला गरोदरपण कळायच्या सुमारास होऊनही गेलेले असतात. हृदय साधारण २२व्या दिवशी धडधडू लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते. ती मिटली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर दोष राहतो. फॉलिक आम्लामुळे हा धोका बराच कमी होतो, पण ते गर्भधारणेच्या आधीपासून चालू असावं लागतं. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला, ते सहसा रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात.

थॅलिडोमाइड या शामक औषधानं १९५७ ते १९६१ च्या काळात १०,००० हून अधिक बाळांचे हातपाय आणि इतर अवयव खुंटले. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात घेतलेलं औषध घात करायचं. नंतर घेतलं तर हातपाय वाचायचे, कारण ते घडून गेलेले असायचे.

एकपेशीय जीव मुळात एकत्र आलेच का?

वेगवेगळ्या घराण्यांत ते अनेकदा, स्वतंत्रपणे एकत्र आले आहेत. व्हॉल्व्हॉक्स हे गोड्या पाण्यातलं हिरवं शैवाल पाहा. त्याच्या गोळ्यात दोनच प्रकारच्या पेशी असतात: पोहणाऱ्या सुमारे २,००० लहान आणि पुनरुत्पादन करणाऱ्या सोळाएक मोठ्या. लहान पेशी कधीच संतती देत नाहीत. मोठ्यांना पुढे नेऊन त्या मरतात. २०१२ मध्ये विल्यम रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधून रोज लवकर तळाशी बसणारेच निवडले. ६० दिवसांच्या आत विभागल्यावरही सुट्या न होणाऱ्या पेशींचे पुंजके तयार झाले.

हे स्वतः पाहायचं असेल तर काय करू?

कांद्याची मुळं. कांदा पाण्याला टेकवून दोन-तीन दिवस ठेवा, कोवळ्या मुळाचं टोक कापा आणि शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिननं रंगवा. मग काचपट्टीवर अलगद चेपा. चार अवस्था शोधायला सगळेच धावतात. पण आधी कमी भिंगातून, टोकापासून वर सावकाश सरकत पाहा. अगदी टोकाला झिजणाऱ्या टोपीच्या पेशी. त्यामागे चौकोनी, दाटीवाटीच्या पेशी, मोठ्या केंद्रकांच्या, काहींत गुणसूत्रं सुटी दिसणाऱ्या. बहुतेक मात्र दोन विभाजनांच्या मधल्या काळात असतील, कारण पेशीचा बराचसा वेळ तिथेच जातो. आणखी वर गेलात की विभाजन संपतं आणि पेशी लांबट होऊ लागतात. चेपताना मूळ फारसं विस्कटलं नसेल तर त्याहून वर, मधोमध, जाड भित्तिकांच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या सापडतील. त्या नळ्यांच्या पेशी काही दिवसांपूर्वी टोकाजवळच्या त्याच चौकोनी गर्दीत होत्या.